बरबटीचा बर्गर: धान्य आणि कडधान्याचा एक पाठ



या तिमाहीचा पाठ स्वयंपाकघरातला आहे. वही-पेन्सिल घ्या किंवा सरळ चुलीपाशी बसून वाचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात मुलींच्या वसतिगृहात आणि गावातल्या बायांच्या गटांत मी स्वयंपाकाचे वर्ग घेते. हा पाठ तिथलाच आहे, आणि तुमच्या घरीही जसाच्या तसा चालेल.

सुरुवात मुलींच्याच मागणीने झाली. चंद्रपूर, गडचिरोली, मूल, ब्रह्मपुरी, कुठल्याही गावच्या बसस्थानकाबाहेर आता बर्गरची गाडी असते. मैद्याचा गोल पाव, तेलात तळलेली बटाट्याची टिक्की, वरून पांढरा सॉस. धानोरा किंवा एटापल्लीहून आलेल्या मुलीला तो एकदा तरी खायचा असतो, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही. पण पैसे मोजून पोटात काय जाते ते पाहा. उकडलेल्या बटाट्यात शंभर ग्रॅमला जेमतेम दोन ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे साठ ग्रॅमच्या टिक्कीत एक ग्रॅमच्या आसपास. पोट भरते, पण वाढत्या अंगाला फारसे काही मिळत नाही.

तेव्हा वर्गात ठरले की बर्गर आपणच करायचा, आणि बटाट्याऐवजी आपल्या बांधीत आणि धुऱ्यावर पिकते त्यातून करायचा.

खरे तर झाडीपट्टीला हे नवे नाही. बरबटीचे वडे इथे पिढ्यान्‌पिढ्या होतात. लाखोळीचे वडेही होतात. कडधान्य भिजवायचे, पाट्यावर जाडसर वाटायचे, त्यात लसूण, मिरची, सांबार घालून तळायचे. (पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) परदेशातही शाकाहारी बर्गर याच वाटेने आला. लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यांनी १९८२ मध्ये धान्य-कडधान्याचे कोरडे मिश्रण पुड्यात भरून विकायला काढले. पाणी घालून मळायचे, थापायचे, तव्यावर भाजायचे. आपल्या आज्यांनी ते पाहिले असते तर वडाच म्हटले असते. आपल्या वड्यात एकच गोष्ट कमी आहे, ती म्हणजे धान्य. आजच्या पाठाचा गाभा तोच आहे.

गडचिरोली हा भाताचा जिल्हा. मूल सकाळी पेज पिते, दुपारी भात, रात्री भात, सोबत पातळ वरण किंवा भाजीचा रस्सा. भात वाईट नाही. त्यात प्रथिने आहेत, शंभर ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम. अडचण दोन ठिकाणी येते. शिजल्यावर भात पाण्याने फुगतो, आणि चार वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते. त्याला हवे तेवढे मिळण्याआधीच ते भरून जाते. दुसरी अडचण प्रथिनांच्या घडणीत आहे. प्रथिने अमिनो आम्ले नावाच्या लहान लहान तुकड्यांची बनलेली असतात, आणि त्यांतले काही तुकडे शरीराला अन्नातूनच घ्यावे लागतात. तांदूळ, ज्वारी, कोदो, गहू यांत लायसिन नावाचा तुकडा कमी असतो. बरबटी, चणा, तूर, मूग यांत लायसिन भरपूर असते, पण मिथिओनिन कमी असते, आणि ते धान्यात असते. घर बांधताना विटा पुष्कळ असल्या आणि सिमेंट कमी पडले, तर भिंत सिमेंट असेल तेवढीच चढते. धान्य आणि कडधान्य एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, खिचडी, डाळ-भाकरी यांची जोडी कोणी प्रयोगशाळेत लावली नाही. बायबल उघडून यहेज्केलाचा चौथा अध्याय पाहा. तिथेही गहू, जव, कडधान्ये आणि भरड धान्य एकाच भांड्यात घालून भाकरी करायला सांगितले आहे, तेही वेढ्याच्या, टंचाईच्या दिवसांसाठी.

म्हणून आमच्या टिक्कीत दोन्ही असतात. आता कृती सांगते. प्रमाण बारा टिक्क्यांचे आहे.

एक वाटी, म्हणजे साधारण १५० ग्रॅम बरबटी निवडून रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. आठ तास पुरतात. सकाळी ते पाणी फेकून द्या. पोटात वायू धरणारे बरेचसे घटक त्या पाण्यात उतरलेले असतात. नव्या पाण्यात बरबटी शिजवा. दोन बोटांत दाबली की चेपली पाहिजे, पण साल सुटून लगदा होता कामा नये. शिजल्यावर चाळणीत निथळा आणि स्वच्छ कापडावर अर्धा तास पसरून ठेवा. हे निथळलेले पाणी मात्र फेकू नका, रश्शाला घ्या.

वड्यासाठी आपण कच्ची भिजलेली बरबटी वाटतो. मग इथे आधी शिजवायची कशाला, असे प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारते. वडा भरपूर तेलात चारही बाजूंनी तळला जातो आणि लहान असतो, म्हणून आतपर्यंत शिजतो. टिक्की जाड असते आणि तव्यावर थोड्या तेलात भाजली जाते. वरून लाल झाली तरी आत कच्ची राहू शकते, आणि कच्चे कडधान्य लहान मुलांच्या पोटाला सोसत नाही. शहरातल्या ज्या भगिनी बरबटीऐवजी राजमा घेतील त्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे. राजम्यात एक विषारी प्रथिन असते. ते मंद आचेवर नुसते कोमट होऊन जात नाही; पाणी खळखळ उकळून किमान दहा मिनिटे शिजवल्यावरच जाते. कुकरमध्ये शिजवलात तर काळजी नाही.

आता धान्य. अर्धी वाटी कोदो किंवा तांदळाची कनकी धुऊन सव्वापट ते दीडपट पाण्यात मोकळी शिजवा. कोदोला थोडे जास्त, दुपटीपर्यंत पाणी लागते. शिजले की परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम भात सैल असतो आणि टिक्की मोडते. गार होताना त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि सगळे धरून ठेवतो. म्हणजे इथे गार भातच कामाचा, पण रात्रभर उघडा राहिलेला शिळा भात नव्हे. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. त्या उष्म्यात शिजलेल्या भातात तासाभरात जंतू वाढू लागतात, आणि त्यांतल्या काहींचे विष पुन्हा भाजूनही मरत नाही. सकाळी शिजवा, गार करा, दुपारच्या आत वापरा.

तिसरी गोष्ट जवस, आणि मला विचाराल तर सगळ्या कृतीत मला हीच सर्वांत आवडते. विदर्भात जवस म्हणजे चटणी, एवढेच आपल्याला ठाऊक. दोन मोठे चमचे जवस कुटून पाच-सहा चमचे पाण्यात दहा मिनिटे ठेवा. पाणी चिकट, बुळबुळीत होते, अगदी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे. ते डिंकाचे काम करते. बाजारातल्या टिक्कीत जिथे मैदा आणि कॉर्नफ्लॉवर घालतात तिथे आपण जवस घालतो, आणि त्यातून चांगली स्निग्धता व थोडी प्रथिनेही मिळतात. घरी अंडे असेल तर जवसाऐवजी एक अंडे फोडून घाला. त्याहून चांगला डिंक नाही.

अंड्याचा विषय निघालाच आहे तर एक स्पष्ट सांगते. गोंड, माडिया कुटुंबे मासे खातात, कोंबडी खातात, लाल मुंग्यांची आंबट चटणी खातात. हे अन्न त्यांच्या जंगलाने दिलेले आहे आणि उत्तम आहे. बी-१२ जीवनसत्त्व तर कडधान्यातून मिळतच नाही. ते अंडी, मासे, मांस आणि दुधातूनच यायचे. म्हणून ही टिक्की शिकवताना मी कोणाला शाकाहारी व्हायला सांगत नाही, आणि आपल्यापैकी कोणी भेट द्यायला आले तर त्यांनीही सांगू नये. मासा रोज मिळत नाही, अंडी विकून मीठ-तेल आणावे लागते. अशा दिवशी ताटात काय असावे, तेवढाच हा प्रश्न आहे.

आता सगळे एकत्र करा. बरबटी हाताने किंवा पावभाजीच्या चेचणीने चेचा. तिसरा हिस्सा दाणे अख्खेच राहू द्या, खाताना दाताखाली काही लागले पाहिजे. मिक्सरमध्ये फिरवली की पिठले होते आणि टिक्की चिकट लागते. त्यात गार धान्य, जवसाचा चिकट गोळा, एक बारीक चिरून पिळलेला कांदा, लसूण-अद्रक-हिरवी मिरची वाटून, जिरे, धणेपूड, हळद, मीठ, मूठभर सांबार घाला. शेवग्याचा पाला मिळाला तर तोही मूठभर, बारीक चिरून. शेवटी तीन-चार चमचे भाजलेले ज्वारीचे पीठ. मळून अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे पीठ पाणी पिते.

हाताला पाणी लावून बोटभर जाडीच्या टिक्क्या थापा. आधी एकच भाजून पाहा. मोडली तर चमचाभर पीठ वाढवा. कोरडी पडून कडेला तडे गेले तर पाण्याचा हबका मारा. लोखंडी तवा मध्यम आचेवर, तेल थोडे. ज्या घरी मोहाच्या बियांचे तेल काढतात त्यांनी तेच वापरावे. एक बाजू पाच-सहा मिनिटे. तोवर हात लावू नका. खालची बाजू खरपूस झाली की ती आपोआप तवा सोडते. नव्या मुली घाईने उलथने घालतात आणि मग तव्यावर चिवडा होतो. चुलीवर लाकडे बाहेर ओढून निखाऱ्यावर भाजले तर फार छान होतात.

एका टिक्कीत चार ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. दोन टिक्क्या आणि एक ज्वारीची भाकरी म्हणजे बारा-तेरा ग्रॅम. दहा-बारा वर्षांच्या मुलीला दिवसाला जेवढी लागतात त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, तेही एका वेळच्या खाण्यात.

पावाचा आग्रह आम्ही धरत नाही. भामरागडला रोज ताजा पाव कुठून आणायचा? तळहाताएवढ्या जाड भाकऱ्या करतो, ज्वारीच्या किंवा तांदळाच्या, आणि दोन भाकऱ्यांच्या मध्ये टिक्की, कांद्याची चकती, टमाटर, जवसाची किंवा अंबाडीची चटणी. वर लिंबू पिळायला विसरू नका. कडधान्यातले लोह शरीराला सहजासहजी लागत नाही. लिंबू, आवळा, टमाटर यांतल्या क जीवनसत्त्वाने ते जास्त लागते. जेवणाला लागून चहा घेतला तर उलटे होते, म्हणून चहा तासाभराने. तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची असेल तर मिरची घालू नका, अख्खे दाणे ठेवू नका, आणि मऊ करून भरवा.

आता लाखोळीविषयी. यावर दर वर्षी वाद होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भात कापणीला येण्याआधी उभ्या धानातच लाखोळी फेकून पेरतात. जमिनीत उरलेल्या ओलीवर ती येते. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. दुसरे काही येणार नाही अशा बांधीत ती येते, म्हणून गरिबाच्या घरी ती असते. प्रथिने तर चण्याहूनही जास्त. तरीही तिच्यात ओडॅप नावाचे एक द्रव्य असते. लाखोळीच मुख्य अन्न करून महिनोन्‌महिने खाल्ली तर त्याने मज्जातंतूंना इजा होते आणि पाय कायमचे लुळे पडतात. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. त्यावर इलाज नाही. १८२९ नंतरच्या काही वर्षांत सागर भागात गहू बुडाला आणि लोकांनी हीच डाळ, तिकडच्या बोलीत तिवडा, खाऊन दिवस काढले. तरणीताठी माणसे कमरेखाली अधू झाल्याचे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. देशात १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने २००८ मध्ये राज्यापुरती ती उठवली. रतन, प्रतीक, महातिवडा अशा कमी ओडॅपच्या जातीही आता निघाल्या आहेत, पण गावातल्या कोठीत कोणती जात आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

या इतिहासात आपल्या पाठाचाच एक धागा आहे. पाय गेले ते वरण म्हणून थोडी लाखोळी खाणाऱ्यांचे नव्हेत. दुसरे धान्य संपले आणि तीच एक उरली, त्यांचे गेले. इथिओपियातही हे कडधान्य खातात. तिथल्या अभ्यासांत धान्य मिसळून खाणाऱ्यांत धोका कमी आढळला. म्हणजे धान्य-कडधान्याची जोडी इथे पोषणापलीकडेही कामाला येते.

माझा नियम असा आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकात लाखोळी नाही. तिथे दुसऱ्याची मुले आपल्या भरवशावर जेवतात आणि बरबटी, चणा, तूर आणणे आपल्याला शक्य आहे. गावात, जिच्या घरी लाखोळीच आहे तिला मी ‘टाकून दे’ म्हणत नाही. तिला सांगते, टिक्कीच्या कडधान्यात चौथ्या हिश्शाहून जास्त घेऊ नकोस, रोज करू नकोस, आणि डाळ कढत पाण्यात दोन-तीन तास भिजवून ते पाणी फेक, मग भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी फेक. ओडॅप पाण्यात विरघळते, त्यामुळे बराचसा भाग निघून जातो. सगळा नाही. बरबटीचे पाणी रश्शाला घ्या म्हटले होते. लाखोळीचे कधीच नाही.

कोदोबद्दलही एक सूचना. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष झाले आणि शहरात कोदोला एकदम मान आला. आनंद आहे. पण कापणीच्या वेळी पाऊस लागलेला, ओला साठवलेला कोदो बुरशी धरतो, आणि तो खाल्ल्यावर चक्कर, उलटी, झापड येते. जुनी माणसे हे ओळखून असतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडला दहा हत्ती मेले, त्यामागे असाच बुरशी लागलेला कोदो असल्याचे तपासणीत दिसले. कोदो कडक उन्हात वाळलेला घ्या. वास कुबट असेल तर धुऊन, शिजवूनही उपयोग नाही.

ज्या महिला मंडळांना एखाद्या रविवारी उपासनेनंतर साठ मुलांसाठी करायचे आहे त्यांनी प्रत्येकी दोन टिक्क्या धरून दीड किलो बरबटी, पाऊण किलोच्या वर कोदो किंवा कनकी, पावशेर जवस आणि साधारण तेवढेच ज्वारीचे पीठ घ्यावे. कांदे दहा मध्यम. बरबटी शनिवारी रात्री भिजली पाहिजे, हे एकीने स्वतःच्या अंगावर घ्यावे. सगळ्यांवर सोपवले की ती कोरडीच राहते. उपवासकाळात ज्या घरी मांस टाळतात त्यांनाही हे जेवण पुरेसे होईल.

आणि जाता जाता कोरड्या मिश्रणाचे. दिवाळीच्या सुटीत मुली गावी जातात तेव्हा आपल्याकडून त्यांना सहसा बिस्किटांचे पुडे मिळतात. देणाऱ्यांचे मन मोठे आहे यात शंका नाही, पण दोन वर्षांपासून मी बिस्किटांऐवजी ही पिशवी मागते: दोन वाट्या फुटाण्याचे पीठ, एक वाटी भाजलेल्या ज्वारीचे पीठ, मीठ, जिरे, धणेपूड, थोडे तिखट. फुटाणे आणि ज्वारी दोन्ही आधीच भाजलेली, त्यामुळे कोरड्या डब्यात महिनाभर टिकते. जवस मात्र अख्खा, वेगळ्या पुडीत द्या. कुटून ठेवला की त्याला खवट वास येतो. घरी गेल्यावर चार चमचे जवस कुटायचा, सगळे कोमट पाण्यात घट्ट मळायचे, वीस मिनिटे झाकून ठेवायचे, कांदा-सांबार घालून थापायचे आणि तव्यावर भाजायचे. एका पिशवीत पाच-सहा जणांचे घर एकदा जेवते. या वर्षीच्या पिशव्या भरण्याचे काम दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आहे. फुटाणे दळून आणायला कोणाची गिरणी जवळ असेल तर कळवावे.